पडलेला तिसरा प्लग

मारुती, काल सकाळी माझ्या हातून प्लग पडला. फियाटच्या इंजिनातला होता, साफ करून झालेला, बसवायला म्हणून उचललेला. कोब्यावर टण्णकन आवाज झाला आणि मी मान खाली घालून उभा राहिलो, तुझी शिवी यायची वाट बघत. ती आली नाही. मग ध्यानात आलं की तुला जाऊन दहा दिवस झालेत आणि या गॅरेजात मला शिवी देणारं आता कुणी उरलेलं नाही. मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. फियाटवाला मास्तर घाबरला. म्हणाला, "आवं, एका प्लगापायी कशाला रडताय? दुसरा घाला की." त्याला काय सांगणार?

दुसरा घातलाच. पण आधी पडलेला उचलून ऐरणीवर ठेवला आणि हातोडीनं त्याची पांढरी चिनी माती फोडली. मास्तर बघतच राहिला. तुझ्या या नियमाची अख्ख्या आष्ट्यात चेष्टा व्हायची. पडलेला प्लग गाडीत घालायचा नाही एवढ्यावर तू थांबत नव्हतास. तो तिथल्या तिथं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फोडायचा. "आनंदा, पडल्याला प्लग दिसाय चांगलाच दिसतो. म्हणून तर फोडायचा. न्हाईतर कोण तरी घाईच्या वक्ताला उचलतंय आन् बशीवतंय."

मी म्हणायचो, "आरं, धा पडल्यातली निम्मी तरी धडधाकट आसत्यात. उगं चांगला माल मारतोयस."

"मग कुटली निम्मी ती वळकून दाव. ती ठिवू आपुन."

मला कधी ओळखून दाखवता आले नाहीत. चिनी मातीतली केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, इंजिन तापल्यावरच ती तोंड उघडते. पण म्हणून मी वाद सोडला असं नाही. सहा वर्षं घातला. तू कंटाळलास, मी कंटाळलो नाही. मी का कंटाळत नव्हतो ते आज सांगणार आहे.

तुझ्याकडं पहिल्यांदा आलो ते आमच्या थोरल्याची जीप घेऊन. तू नुकताच पलटणीतनं सुटून आला होतास आणि रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच बसायचास. माझ्या घरचा वीस एकर ऊस, चार भावांत मी धाकटा, आणि माझं उसात लक्ष नाही. मी तिथंच रेंगाळायला लागलो, मग हाताखाली काम करायला लागलो, मग भागीदार झालो. गावानं तोंडात बोटं घातली. पाटलाचा पोरगा आणि बौद्धवाड्यातला मारुती, एका गॅरेजात, एका पान्यानं! आमच्या आईनं चार दिवस अबोला धरला. तू मात्र पहिल्या दिवशी मला एवढंच म्हणालास, "आदी हात धुऊन ये."

मला वाटलं, तू माझी गंमत करतोयस. गॅरेजात कोण हात धुऊन कामाला लागतं? पण प्लगाच्या कामाला तू जेवायला बसल्यासारखे हात धुवायला लावायचास. चार भोकांचा तो बाभळीचा ठोकळा, भोकांवर एक ते चार आकडे कोरलेले. ज्या नंबरचा प्लग निघाला तो त्याच भोकात. मग पितळी वाटीत पेट्रोल आणि दात घासायचा जुना मऊ ब्रश. मी एकदा तारेचा ब्रश घेतला तर तू तो हिसकावून छपरावर फेकलास. तारेनं घासलं की चिनी मातीवर लोखंडाची बारीक रेघ उमटते आणि ठिणगी टोकावर पडायची सोडून त्या रेघेवरनं पळून जाते, हे तू मला नंतर समजावलंस. आधी ब्रश फेकलास. तुझी शिकवायची रीतच ती. मग पायपंपाच्या हवेनं सुकवणं, पातळ पत्रीनं टोकाजवळची फट मोजणं, आट्यांना नखाएवढं काळं ग्रीस. टोकाला ग्रीस नाही, बोट नाही, चिंधीसुद्धा नाही. आणि पाना लावायच्या आधी बोटांनी चार फेरे, म्हणजे वाकडा शिरत असेल तर बोटांनाच कळेल.

"नाकाला शिवायचं न्हाई ह्येच्या," तू म्हणालास. "लय सोवळ्याचा हाय ह्यो. शिवला की इटाळला." आणि माझ्याकडं तिरकं बघून हसलास. "बगा पाटील, तुमास्नी सोवळं शिकवायची पाळी आमच्यावर आली."

मी हसलो, पण माझे कान तापले होते. तुला ते दिसलं असणारच. तू लगेच चहा सांगितलास.

हिंदुरावची गोष्ट मी कुणापाशी काढत नाही. तुझ्यापाशीही चार वर्षं काढली नाही. तुम्ही दोघं एका पलटणीच्या वर्कशॉपातले, लढाईत एका ताटात जेवलेले. सुटून आल्यावर त्यानं इस्लामपूरच्या स्टँडावर ॲम्बॅसडर लावली आणि तिच्या नटबोल्टाला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागू दिला नाही. त्याच्या घरी तुला कप वेगळा नव्हता. त्याच्या आईनं कुरकुर केली तेव्हा तो म्हणाला होता, "आये, ह्येच्या ताटात जेवलोय म्या. आता मला बी येगळा कप दे." हे तू मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज जरा हलला होता. एरवी तुझा आवाज हलत नसे.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या सालची ती सकाळ. हिंदुरावची बहीण कोयनानगरला होती, भूकंपानंतर बांधलेल्या क्वार्टरात. नवरा धरणावर कामाला. तिचे दिवस भरत आले होते, आधीचं एक मूल गेलेलं, म्हणून तिला आणून कऱ्हाडच्या दवाखान्यात ठेवायचं ठरलं होतं. घाटाला निघायचं म्हणून हिंदुराव पहाटे गाडी घेऊन आला. तू चारी प्लग साफ केलेस, तपासलेस, ठोकळ्यात लावलेस. तेवढ्यात एसटी आली. सांगलीहून पार्ट आणायचे होते, त्यात नवे प्लगही होते, कारण आपला डबा रिकामा होता. "आनंदा, बशीव तेवढं," म्हणालास आणि पळत एसटीत चढलास.

एक बसवला, दुसरा बसवला. तिसरा बोटांतनं निसटला.

हिंदुराव बाहेर चहा पीत होता. त्यानं आवाज ऐकला नाही. मी प्लग उचलला, उजेडात धरला, फिरवून बघितला. काही दिसलं नाही. मला सांगता आलं असतं, की थांब, मारुती दुपारपर्यंत नवा घेऊन येतोय. पण तो घाईत होता. आणि खरं सांगायचं तर पाडला असं म्हणायची मला लाज वाटली. मी मनाशी म्हणालो, निम्मे तरी धडधाकट असतात. आणि बसवला. बोटांनी चार फेरे, मग पाना. सगळं अगदी तुझ्या पद्धतीनं.

पाटण सोडून चढ लागला आणि गाडी अडखळायला लागली. मग आत काहीतरी खडखडलं. हिंदुरावनं प्लग काढून बघितले तर तिसऱ्याची चिनी माती टोकापासून तुटून आत पडलेली. ती गाडी तिथंच राहिली. तो एका ट्रकातनं वर पोचला तेव्हा बहिणीचं बाळंतपण शेजारच्या बायकांनी क्वार्टरातच केलं होतं आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. प्रोजेक्टच्या जीपमधनं तिला खाली आणलं. बाळ-बाळंतीण दोघंही जगली. पण तो तिचं डोकं मांडीवर घेऊन कऱ्हाडपर्यंत आला, ते दोन तास त्यानं कसे काढले असतील!

तिसऱ्या दिवशी तो गॅरेजात आला. चार-सहा माणसं होती. त्यानं तो तुटका प्लग खिशातनं काढून बाकड्यावर ठेवला. "मारुती, ह्ये बग."

तू प्लग हातात घेतलास. त्याच्या लोखंडी कडेला सिमेंटचा पांढरा ओरखडा होता. तू अंगठ्यानं तो ओरखडा चोळलास, दोनदा. मग माझ्याकडं न बघता विचारलंस, "आनंदा, पडला व्हता का?"

"न्हाई," मी म्हणालो.

मारुती, सगळं काही या एका शब्दात आहे. मी पुष्कळदा स्वतःला समजावलं, की भीती वाटली, की माणसं होती, की आईला कळलं असतं. पण तू सरळ विचारलंस आणि मी सरळ खोटं बोललो.

तू प्लग खाली ठेवलास. "चूक आमच्या गॅरेजची हाय, हिंदुराव," म्हणालास. "प्लग म्या साफ केलाय. म्हंजी माजी."

मागनं कुणीतरी बोललं, "ह्यांच्या हातात मिशनी दिल्या की आसंच व्हायाचं." बोलणारा कोण ते तुलाही ठाऊक होतं, मलाही. ते वाक्य सगळ्यांना किती चटकन पटलं! हिंदुरावनंही ते ऐकलं आणि तो गप्प राहिला. तुला प्लगाचं नव्हतं लागलं, ते गप्प राहणं लागलं. मी तुझ्या शेजारीच उभा होतो, म्हणून मला माहीत आहे.

तू माझं नाव का घेतलं नाहीस? मी चार वर्षं यावर विचार केलाय. एक तर तू वाट बघत होतास, की हा आपणहून बोलेल. आणि दुसरं, तू बोलला असतास तरी त्या माणसांतलं कुणी मानलं नसतं. म्हणाले असते, आपलं पाप पाटलाच्या पोरावर ढकलतोय. हे तुला उभ्या उभ्या कळलं होतं. मला कळायला चार वर्षं लागली, कारण मला ते कधी भोगावं लागलं नव्हतं.

हिंदुराव नंतर गाडी कऱ्हाडला न्यायला लागला. आपल्या रस्त्यावरनं जायचा पण थांबायचा नाही. तू गाडीखाली झोपलेला असलास तरी आवाजावरनं ओळखायचास. "टायमिंग फुडं गेलंय त्येचं," असं म्हणायचास आणि कामाला लागायचास. मला हसूही यायचं आणि तिथनं पळून जावंसंही वाटायचं. तुझ्या वागण्यात फरक पडला तो एवढाच. त्या दिवसापासून पडलेला प्लग फोडायची हातोडी तू माझ्या हातात द्यायला लागलास. एकदाही काही बोलला नाहीस. "फोड," म्हणायचास. आणि मी फोडता फोडता वाद घालायचो, की निम्मे धडधाकट असतात. आता कळलं ना, का सोडत नव्हतो? ते खरं ठरलं असतं तर माझं ओझं उतरलं असतं, बाकी काही नाही. नाही ठरलं. तुझंच बरोबर होतं, गड्या. हा वाद मी आज हरलो असं लिहून देतो.

सांगलीच्या दवाखान्यात शेवटच्या दुपारी मी तुझ्या उशाशी होतो. पारूवहिनी पाणी आणायला गेल्या होत्या. तू डोळे उघडलेस. मी म्हणालो, "मारुती..." आणि पुढं शब्द येईना. तू म्हणालास, "बोल की रं." मी म्हणालो, "काय न्हाई. जॅकचं आईल गळतंय." तू थोडा वेळ माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालास, "वायसर बदल." आपलं शेवटचं बोलणं ते. माझा मलाच इतका राग येतो की लिहिताना हात थांबतोय. पण थांबवणार नाही. थांबून थांबूनच ही वेळ आली.

काल तो प्लग फोडला आणि तिथंच ठरवलं. मास्तरची गाडी दिली, गॅरेज बंद केलं आणि इस्लामपूरची एसटी धरली. हिंदुराव तुझ्या मातीला आला नव्हता. मनात आलं होतं की त्याला घरी गाठावं, दार लावून सांगावं. मग म्हटलं, नाही. खोटं चारचौघांत बोललो होतो, खरंही चारचौघांतच बोलायचं. तो टॅक्सी स्टँडावरच भेटला. पाच-सहा ड्रायव्हर पिंपळाखाली बसले होते. मला बघून त्यानं तोंड फिरवलं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "हिंदुराव, तुमच्या गाडीतला तो प्लग माज्या हातनं पडला व्हता. पडल्याला ठावं आसून म्या बशीवला. आन् मारुतीनं इचारल्यावर न्हाई म्हनालो. त्येची काय बी चूक नव्हती."

हिंदुराव उठून माझ्या पुढ्यात आला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्येला ठावं व्हतं?"

"व्हय. पयल्याच दिशी. वरखाडा बगितलावता त्येनं."

तो परत खाली बसला. चेहऱ्यावरनं हात फिरवला, दोन्ही हात तोंडावर तसेच ठेवले. मग म्हणाला, "तुज्यावर म्या काय थुकू? त्या दिशी कोन काय बोललं ते म्या ऐकलं की. आन् गप बसलो. येका ताटात जेवल्याला मानूस, आन् त्येच्यासाटी तोंड उगाडलं न्हाई." मग एकदम उठला, गाडीचं दार उघडलं. "बस. वैनीकडं जायाचं."

त्यानं गाडी थेट आष्ट्याला, तुझ्या दारापुढं आणून थांबवली.

पारूवहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. चार वर्षांनी हिंदुरावला बघून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि आत पाणी आणायला निघाल्या. मी म्हणालो, "वैनी, आदी ऐका." आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. मला वाटत होतं की निदान घरी तरी तू बोलला असशील. नवरा-बायकोत तेवढं असतंच. त्यांना माहीत असेल, त्या मला आजवर मनातनं शिव्या देत असतील, असं धरूनच मी बोलत होतो.

वहिनींच्या हातातलं सूप खाली गेलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ह्ये मला म्हाईत न्हाई. म्या त्येंचीच चूक धरली व्हती. वरसभर सांगत व्हते, तुमचं हात आता कापत्यात, सोडा ह्ये काम, कुणाच्या तरी लेकीबाळीचा जीव जाईल. त्ये नुस्तं हात फुडं करून बगायचं. आन् काय बोलायचं न्हाईत."

मारुती, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. तू गावात ते ओढवून घेतलंस हे मी बघितलं होतं. पण तू ते घरीही नेलंस, तुझ्या स्वतःच्या बायकोनं तुझ्या हातांवर शंका घेतली आणि तरी तू माझी वाट बघत राहिलास, हे मला ठाऊक नव्हतं. मी वहिनींच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"माज्या पाया पडून काय हुतंय?" त्यांचा आवाज चढला होता. "ह्या आळीतल्या येका येका घरात त्येंच्याबद्दल काय बोलत्यात ते म्या ऐकलंय. पाटलांच्या आळीत तर इचारूच नगा. आता उटा. घरोघर जाऊन सांगा. आमच्या आळीतनं सुरू करा. फुडं तुमच्या आळीत."

हिंदुराव म्हणाला, "म्या बी येतो. माजं बी सांगायचं हाय."

आणि आम्ही निघालो. वहिनी पुढं, हिंदुराव आणि मी मागं. तुझ्या आळीतल्या प्रत्येक दारात मी तेच चार वाक्यांत सांगितलं, हिंदुरावनं त्याचं सांगितलं. कुणी ऐकून घेतलं, एका म्हातारीनं माझ्या तोंडावर दार आपटलं, तुझ्या चुलत्यानं मला बसवून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. आणि शेवटच्या घरातनं बाहेर पडताना वहिनी वळून म्हणाल्या, "तुमच्या आळीत म्या संगट येनार. मला ऐकायचं हाय."

आज संध्याकाळी जायचं ठरलंय. आमच्या आळीत पहिलं घर आमचंच लागतं. आई ओट्यावर बसलेली असते. तिच्यापुढं उभं राहून, वहिनींना शेजारी घेऊन, मला तुझं नाव आधी घ्यायचं आहे आणि मग माझं.